पाच लाखांत पिकअप

चाकणला पोलो बनायची, रांजणगावला पुंटो, आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला स्कोडाची लॉरा. पिकअपवर जीव असणारी मंडळी जुन्या बाजारात ज्या गाड्या शोधत फिरतात त्यांतल्या बऱ्याच अशा आपल्याच मुलखात तयार झालेल्या. तिन्ही आता बंद आहेत. पोलो सगळ्यात शेवटी, २०२२ मध्ये गेली. नवी मिळत नाही म्हटल्यावर जुनीचा भाव कुठे चढतो, कुठे धाडकन उतरतो. का उतरला, हे विकणारा सांगत नाही.

खालचा वाद मामा आणि भाचीचा आहे. मामांचं गॅरेज पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजाराला लागून. भाची चाकणला इंजिनिअर; पगार बेताचा, हप्ते नकोत, आणि घरात गाड्यांचं वेड तिला एकटीलाच. एकूण पाच लाख, त्यात चालवायला सगळ्यात मजा देणारी गाडी, एवढीच तिची अट. मी ऐकायला बसलो होतो. राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

भाची: मामा, पाच लाखांत नवी घ्यायची तर सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर मिळते. अबार्थ पुंटो २०१५ मध्ये निघाली तेव्हा शोरूमचा भाव ९ लाख ९५ हजार होता. १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क. आज ती निम्म्यावर आली आहे. पडलेली किंमत पहिल्या मालकाने सोसली, मजा मी घेणार. यात चुकतंय कुठे?

मामा: एकाच ठिकाणी. गाडीचा भाव पडला, पार्टचा नाही पडला. दहा लाखांची गाडी पाच लाखांना मिळाली म्हणून तिचा टर्बो निम्म्या पैशांत येत नाही. मॉडेल बंद झालं की उलट महागच होतो. तू गाडी घेशील पाच लाखांची, पण पोसायची आहे ती दहा लाखांचीच.

भाची: सगळ्याच गाड्यांना हे लागू आहे.

मामा: लागू आहे, पण सारखं नाही. स्विफ्टचा हेडलाइट फुटला तर माझा पोरगा दहा मिनिटांत पेठेतून घेऊन येतो. अबार्थचा पुढचा बंपर फुटला तर मी तुला तारीखच देऊ शकत नाही. गाडी स्टँडवर उभी, तू रिक्षाने चाकणला.

भाची: मग पोलो जीटी टीएसआय. तिचे पार्ट मिळतात, वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. १०५ हॉर्सपॉवर, १७५ न्यूटन मीटर. चार-साडेचार लाखांत बऱ्यापैकी दिसतात.

मामा: दिसतात. कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना गिअरबॉक्सचं काम निघायच्या आत गाडी खपवायची असते.

इथे मामांनी चहाचा कप बाजूला सारला. गॅरेजवाल्याच्या तोंडून सात गिअरच्या डीएसजीचा, म्हणजे पोलोच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, विषय निघाला की तो लवकर संपत नाही, आणि संपूही नये. या गाडीचा सगळा सौदा तिथेच ठरतो.

मामा: त्या डब्यात दोन क्लच असतात. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर एकाकडे. दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्याकडे. तू तिसऱ्यात चालवत असतेस तेव्हाच चौथा लावून तयार असतो. बदल म्हणजे फक्त एक क्लच सोडायचा आणि दुसरा धरायचा. म्हणून ती गाडी मोकळ्या रस्त्याला लोण्यासारखी पळते. पण हे दोन्ही क्लच कोरडे. तेलात बुडालेले नाहीत, त्यामुळे उष्णता ओढून न्यायला काही नाही. संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडताना गाडी तासभर इंचाइंचाने सरकते, तेव्हा तो क्लच अर्धवट धरून घासत राहतो. वर हे सगळं हलवणारी पेटी, तिला मेकॅट्रॉनिक म्हणतात. तेलाच्या दाबाच्या झडपा आणि कॉम्प्युटर, दोन्ही त्या एकाच पेटीत. ती गेली की लाखाच्या पुढची गोष्ट. साडेचार लाखांच्या गाडीला!

भाची: प्रत्येकीची जात नाही ना?

मामा: नाही जात. जिची जाणार नाही ती ओळखायची कशी, एवढंच सांग.

भाची: चालवून. गार गाडी सुरू करायची, पहिल्या-दुसऱ्यात झटका देते का बघायचं. चढावर रिव्हर्समध्ये हळू न्यायची. गरम झाल्यावर तेच पुन्हा करायचं. मग स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड वाचायचे.

मामा: बरोबर. आणि कोड काल रात्री पुसलेले असतील तर?

भाची: तर बिलं मागायची.

मामा: आत्ता बोललीस! मेकॅट्रॉनिक किंवा क्लचचा संच बदलल्याचं बिल, त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तारीख. ते बिल ज्याच्याकडे आहे त्याला मी तीस हजार जास्त द्यायला तयार आहे. ज्याच्याकडे नाही, त्याची गाडी कितीही चकचकीत असो, त्या पेटीचे पैसे किमतीतून वजा करून बोल.

भाची: मला खरं तर मॅन्युअलच हवी.

मामा: जीटी टीएसआय मॅन्युअलमध्ये आलीच नाही. २०२० मध्ये एक लिटरची टीएसआय आली, ११० हॉर्सपॉवर, सहा गिअर, मॅन्युअल. फार गोड गाडी आहे. पण ती अजून तुझ्या पैशांत बसत नाही. बसायला लागली तर का बसते आहे ते आधी विचार.

भाची: डिझेल? जीटी टीडीआय मॅन्युअल आहे, अडीचशे न्यूटन मीटर. नाहीतर फिगोची दीड लिटर डिझेल, शंभर हॉर्सपॉवर, २१५ न्यूटन मीटर. गाडी हलकी आहे, मी चालवली आहे एकदा, अंगावर येते.

मामा: फिगो स्वस्तात मिळते कारण फोर्डने २०२१ मध्ये इथे गाड्या बनवणं थांबवलं आणि लोक घाबरले. त्या भीतीचा फायदा घेता येतो, सर्व्हिस अजून चालू आहे. डिझेलबद्दल एकच सांगतो. दिल्लीच्या पट्ट्यात दहा वर्षांच्या डिझेलवर गदा आली, तेव्हापासून दिल्ली पासिंगच्या गाड्या इकडे फार यायला लागल्या. लाखभर स्वस्त दिसते. मग तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा, आरटीओच्या खेपा. शेवटी हिशेब तिथेच येतो, वर मागचा मालक कुठे असतो ते कळत नाही.

एव्हाना भाची जरा चिडली होती. तिचं पुढचं म्हणणं मला मामांच्या सगळ्या हिशेबांपेक्षा वजनदार वाटलं.

भाची: तू प्रत्येक गाडी पार्टच्या दुकानात उभा राहून बघतोस. मी चाकामागे बसून बघते. अबार्थचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, खालचा रस्ता हाताला कळतो. आजच्या बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग, हलकं आणि मुकं. आणि दुसरं. जी गाडी मनापासून आवडत नाही तिच्याकडे माणूस बघतही नाही. ऑइल बदलायची तारीख पुढे जाते, टायर गोटा होतात, सायलेन्सर लोंबतो. तुझ्याच गॅरेजात बघ की. शहाणपणाने घेतलेल्या गाड्यांची काय अवस्था असते?

मामा: हे खरं आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात नीट ठेवलेल्या गाड्या फियाटवाल्यांच्या. फाइल असते एकेकाची, बिलं तारखेने लावलेली. आणि सगळ्यात वाईट गाड्याही फियाटच. ते ज्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या हातातून स्वस्त मिळाली म्हणून घेतल्या त्यांच्या. माझी स्वतःची पालिओ होती, एक पूर्णांक सहा लिटरची. कुर्ल्याला बनायची, सचिन जाहिरातीत असायचा. शंभर हॉर्सपॉवर! पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, पण घाटात तिच्या मागे कोणी टिकायचं नाही.

भाची: मग मलाच का अडवतोस?

मामा: कारण ती माझ्याकडची दुसरी गाडी होती. रोज कामाला मी स्कूटरने जायचो. तुझी ही एकच असणार.

हा मुद्दा मला कोणत्याही आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. हौसेची गाडी आणि रोजची गाडी एकच असेल तर तिला आठवडाभर वर्कशॉपात उभं राहण्याची मुभा नसते.

भाची: बरं, मग मला सांग, मजा म्हणजे तुझ्या हिशेबाने काय? एक्सप्रेसवेवर शंभरची मर्यादा, घाटात त्याहून कमी, आणि आता कॅमेरे. मला काही दोनशेने पळवायची नाही. नगर रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक डुलत चालल्या असतात. समोर जेमतेम मोकळा पट्टा दिसतो. तेव्हा पायाखाली ताकद हवी. साध्या इंजिनाला गिअर खाली घेऊन, आरडाओरडा करून जे करावं लागतं ते टर्बो गुपचूप करतो.

मामा: मला मान्य आहे. पण ओव्हरटेक पूर्ण झाल्यावर समोर म्हैस आली तर? तिथे हॉर्सपॉवर कामाची नाही, टायर आणि ब्रेक कामाचे. जुनी गाडी बघायला जाणाऱ्या शंभरातला एकही माणूस टायरवरची तारीख वाचत नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून खूश होऊ नकोस. सहा-सात वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. आणि वजन बघ. तुम्ही पोरं फक्त इंजिनाचा आकडा बघता. मारुतीची पहिली पेट्रोल स्विफ्ट घे, सत्त्याऐंशी हॉर्सपॉवर, पण हलकी. नवे टायर, नवे बुश, नवे शॉकअप टाक. ताम्हिणीत ती जेवढं हसवेल तेवढं कुजलेल्या सस्पेन्शनची दीडशे हॉर्सपॉवर हसवणार नाही.

भाची: स्विफ्टची ती गाडी पंधरा वर्षांच्या पुढे गेली. पासिंग पुन्हा करायचं, त्याची फीच पाच हजार, वर पर्यावरण कर. आणि नवं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. तेवढ्या जुन्या गाडीचे पाइप, सील त्यासाठी बनलेलेच नाहीत.

मामा: हे बरोबर. पाइप बदलता येतात, पण खर्च धर.

भाची: वजनच म्हणतोस ना? मग बॅलेनो आरएस. साडेनऊशे किलो. एक लिटरचा टर्बो, १०२ हॉर्सपॉवर, दीडशे न्यूटन मीटर, फक्त मॅन्युअल, चारही डिस्क. २०१७ ला आली, २०२० ला बंद. लोकांना मारुतीकडून नऊ-दहा लाखांची हॅचबॅक हे पटलंच नाही.

मामा: (हसून) मी कधीपासून वाट बघतोय तू हे नाव कधी घेतेस त्याची. डॅशबोर्ड, दरवाजे, काचा, सस्पेन्शनचे बरेच भाग साध्या बॅलेनोचे. पेठेत मिळतात. इंजिनाचे मात्र नाही मिळणार. ते बाहेरून यायचं, ते सांभाळ. ऑइल वेळेवर, आणि जोरात पळवल्यावर लगेच बंद करायची नाही. अर्धा-एक मिनिट टर्बोला थंड होऊ द्यायचं.

भाची: पण स्टिअरिंग मुकं आहे तिचं.

मामा: आहे. माणसाला सगळं कुठे मिळतं?

भाची: टाटाची टिआगो जेटीपी? कोइम्बतूरच्या जयेमने बनवलेली. ११४ हॉर्सपॉवर, २०१८ ची, नवीच होती साडेसहा लाखांच्या आत.

मामा: चांगली मिळाली तर घे. मिळणं कठीण. आणि तिचे खास भाग आता कोणाकडे असतील ते आधी फोन करून विचार. गाडी घेतल्यावर विचारू नकोस.

मग भाचीने फोनवर एक जाहिरात दाखवली. जीटी टीएसआय, पहिला मालक डॉक्टर, बत्तीस हजार रनिंग, “स्टेज वन” केलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून १०५ ची एकशे तीसच्या घरात नेलेली. (या बाजारातल्या इतक्या गाड्या डॉक्टरांनी चालवलेल्या असतात की दवाखाने कधी उघडे असतात असा प्रश्न पडावा.)

मामा: एक, बत्तीस हजाराच्या गाडीचं स्टिअरिंगचं कातडं असं चकाकत नाही. ब्रेक पेडलचं रबर बघ, ड्रायव्हर सीटची कड बघ. मीटर मागे फिरवता येतो, सीट मागे फिरवता येत नाही. सर्व्हिसची नोंद वर्कशॉपातून काढून घे. दोन, हा प्रोग्रॅम. इंजिन जास्त ताकद देईल, पण तो कोरडा क्लच तेवढ्यासाठी बनलेला नाही. आणि ज्याने ताकद वाढवून घेतली त्याने ती वापरलीही असणार.

भाची: पुन्हा मूळ प्रोग्रॅम टाकता येतो.

मामा: प्रोग्रॅम येतो, झिजलेला क्लच येत नाही. आणि कायद्याचं काय? कंपनीने नोंदवलेल्या गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं. उद्या ठोकली तर विमा कंपनीला कारणच हवं असतं.

भाची: विम्यावरून आठवलं. लॉरा घेतली असती तर १.८ लिटर, नुसत्या थर्ड पार्टीचे ७,८९७. पोलो, अबार्थ, दीड लिटरच्या आतल्या सगळ्यांना ३,४१६. हजार सीसीच्या आत २,०९४. बॅलेनो आरएस ९९८ सीसी.

मामा: बघ, तू पण दुकानात उभं राहून बघायला लागलीस.

पुढचा भाग पैशांचा. मामांचा हिशेब कागदावर फार छोटा होता. पाच लाखांतली गाडी पावणेचार ते चार लाखांच्या आतच घ्यायची. नाव बदलणं, विमा, आरटीओ यांचे तीसेक हजार. चार टायर आणि ब्रेक पॅड, तीस-पस्तीस. सगळी तेलं, फिल्टर, कूलंट, लागला तर बेल्ट. उरतील ते बँकेत, वर्षभर हात न लावता. भाचीला हे पटेना. गाडीतच एक लाख जास्त घातले तर चांगलीच गाडी मिळेल आणि नंतरचे खर्च लागणारच नाहीत, असं तिचं म्हणणं. मामांचं उत्तर असं की चांगल्या जुन्या गाडीलाही टायर लागतातच, आणि हातात पैसे नसतील तर ते पुढच्या दिवाळीवर जातात. मी इथे पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. खिशात काही न ठेवता घेतलेली जुनी टर्बो गाडी पहिल्याच मोठ्या बिलाला पुन्हा विकायला निघते, आणि मग तीच गाडी पुढच्या कोणाला “पहिला मालक डॉक्टर” म्हणून दाखवली जाते.

भाची: बघायला जाताना तू येशील?

मामा: येतो, पण आधी तुझी तू बघून ये. सकाळी जा, आणि विकणाऱ्याला सांग की गाडी सुरू करून ठेवू नको. बॉनेटला हात लावून बघ, गार हवं. कोमट लागलं तर तो काहीतरी लपवतोय. सुरू झाल्यावर मागे बघ, निळा धूर म्हणजे ऑइल खाते. मग चटई उचल. २०१९ ला कोल्हापूर-सांगली बुडालं, २०२१ ला चिपळूण. त्या गाड्या धुऊन-पुसून कुठे ना कुठे फिरतायत. सीटच्या रुळांवर गंज, पट्टा पूर्ण ओढल्यावर टोकाशी मातीची रेघ, फ्यूजच्या पेटीत गाळ. अत्तराचा फार वास आला तर समज.

भाची: कागद?

मामा: ‘वाहन’च्या साइटवर नंबर टाक. किती हात फिरली, बँकेचा बोजा आहे का, दंड किती थकलेत, सगळं दिसतं. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय इसारही देऊ नकोस. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुझ्यासमोर. विमा चौदा दिवसांत नावावर करून घे. आणि त्याचा नो क्लेम बोनस तुला मिळणार नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो.

भाची: म्हणजे ठरलं? बॅलेनो आरएस?

मामा: मी सांगतो तर ठरलं. तुला आतून अबार्थ हवी असेल तर दोन वर्षं थांब, ही चालव, पैसे साठव, मग ती दुसरी म्हणून घे. मी स्वतः शोधून देतो. फाइलवाल्याची.

भाची: अबार्थचे भाव तोपर्यंत वाढतील.

मामा: वाढू देत. पार्ट पण वाढतील, सवय ठेव.

निकाल माझ्यावर सोपवला असता तर मी बॅलेनो आरएसलाच दिला असता, थोड्या नाराजीने. गिअरबॉक्सच्या बाबतीत मामा बरोबर आहेत. स्टिअरिंगच्या बाबतीत भाची बरोबर आहे, आणि ती नाराजी दर वेळी घाटात तिला जाणवणार आहे. पण पाच लाखांत, रोज चाकणला न्यायची एकच गाडी असेल, तर मॅन्युअल गिअर, हलकं अंग आणि पेठेत मिळणाऱ्या काचा यांच्यापुढे माझं काही चालत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही बोलण्यात आली नव्हती, ती मी शेवटी घातली. एप्रिल २०२३ मध्ये मारुतीने ७,२१३ बॅलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती, आणि तो असेल तर पेडल नेहमीपेक्षा जास्त जोराने दाबावं लागतं. जुन्या बाजारात आज जी आरएस दिसेल ती बहुधा त्याच काळातली असणार. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपात जा आणि ते काम झालं आहे का विचारा. परत बोलावलेल्या गाडीचा तो भाग कंपनी फुकट बदलून देते.